त्या बाजूने येतं ते आपलं

फरीज बिन ओमरान, दोहा
२० जानेवारी २००१

अब्बा, सलाम.

हे पत्र रहमानच्या हातून येतंय. वाडीत उतरला की तो आधी तुमच्याकडे येईल आणि मग स्वतःच्या घरी जाईल, कारण हे सगळं त्याच्या तोंडामुळे झालं आणि त्याला ते लागलंय. मागच्या सुट्टीत खाडीच्या तरीच्या धक्क्यावर त्याने चारचौघांत सांगून टाकलं, की इरशाद वाळवंटात लष्करी विमानांचा रनवे बांधतोय. तुम्ही काही न बोलता छत्री उचललीत आणि घरी गेलात, असं तो म्हणतो. तेव्हापासून मी फोन केला की जाहिदा आपा उचलते. मागे तुमचा खोकला ऐकू येतो, पण तुम्ही फोनवर येत नाही.

मी तुम्हाला रस्त्याचं काम म्हणून सांगितलं होतं. ते काही खोटं नव्हतं. खाली खडी, वर काँक्रीट, मधे रोलर. याला रस्ता म्हणायचं नाही तर काय? कोणाची विमानं उतरणार हे आम्हाला कोणी सांगत नाही, आणि आम्ही विचारतही नाही. प्रवासी विमानंसुद्धा उतरतील कदाचित. दुर्बिणीतून बघायचं आणि पातळी लावून द्यायची, एवढंच माझं काम.

आणि अब्बा, काम मी चोख करतो. गेल्या आठवड्यात इथे पाऊस पडला. पाऊस आला की सगळं दोहा घरात बसतं, आम्ही मात्र खडू घेऊन पट्टीवर धावतो. जिथे पाणी साचलं असेल तिथे खडूने गोल करायचा, म्हणजे उन्हं पडल्यावर खड्डा कुठे होता ते कळतं. माझ्या भागात एकही गोल करावा लागला नाही. साहेबाने पाठ थोपटली. हे तुम्हाला सांगावंसं वाटलं, आणि सांगायला तुम्ही फोनवर नाही.

विमानांशी तुमचं वाकडं आहे हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे. विमानाचा आवाज आला की तुम्ही जिन्याखाली जायचात, आणि आम्ही मुलं तोंड दाबून हसायचो. आई डोळे वटारायची. बर्माहून आलेली माणसं अशीच, असं ती म्हणायची, आणि विषय तिथेच संपायचा. तुमच्या छत्रीचंही तसंच. भर मे महिन्यात छत्री, रेशनच्या रांगेत छत्री, निकाहाच्या मांडवातसुद्धा बगलेत छत्री. सायरा लग्न होऊन आली तेव्हा तिने मला विचारलं होतं, तुझे अब्बा झोपतानाही छत्री घेतात का. मी म्हटलं, उशाशी असते. तिला मस्करी वाटली.

सोबत ब्लँकेट आणि दूध पावडरचे डबे पाठवतोय. माझ्यावर राग काढा, ब्लँकेटवर काढू नका.

तुमचा इरशाद


दोहा
२५ नोव्हेंबर २००१

अब्बा,

रहमान परत आला त्याला आता किती महिने झाले, पण त्याने आणलेली पिशवी अजून आमच्या कपाटावर आहे. ब्लँकेट घडी न मोडता परत. डबे सील न तोडता परत. गावाहून कोणी आलं की लोकांकडे फणसाचे गरे येतात, कोकमं येतात. माझ्याकडे मीच पाठवलेलं ब्लँकेट आलं. सायरा म्हणाली, असू दे, इथेही थंडी पडतेच. नंतर स्वयंपाकघरात जाऊन ती रडली, हेही तुम्हाला कळू दे.

या वेळी मी फक्त खजूर पाठवले होते. ते तुम्ही ठेवून घेतलेत, असं आपा म्हणाली. रमजान आहे म्हणून ठेवलेत, माझ्यासाठी नव्हे, हे कळतं मला. तरी तुम्ही माझ्या खजुराने रोजा सोडता, या विचाराने बरं वाटतं.

न्यूयॉर्कचं तुम्ही रेडिओवर ऐकलंच असेल. त्यानंतर आमच्याकडे सगळं बदललं. आता फाटकावर तीनदा तपासणी होते. नवीन लोक आलेत, नवीन तंबू आलेत. प्रवासी विमानं उतरतील असं मागे लिहिलं होतं, ते आता परत लिहीत नाही. खरं म्हणजे मला तेव्हाही तसं वाटत नव्हतं. प्रवाशांसाठी कोणी शहरापासून इतक्या लांब, एवढ्या जाडीचं काँक्रीट घालत नाही.

पण मी काय करायला हवं होतं? पट्टी मी बांधली नसती तर दुसऱ्या कोणी बांधली असती, आणि वाईट बांधली असती. तुम्ही तीस वर्षं तरीवर तिकिटं फाडलीत. पलीकडे उतरून कोण काय करणार आहे, हे कधी कोणाला विचारलंत का?

हे वाक्य खोडणार होतो. पण सरळ बोलल्याशिवाय तुम्ही ऐकणार नाही, आणि मी तरी किती गोड लिहू. एकदा शिव्या द्या. त्या चालतील मला. ही गप्प बसायची शिक्षा कुठून काढलीत तुम्ही?

इरशाद


दोहा
११ ऑक्टोबर २००२

अब्बा,

आपा सांगते, तुम्ही माझी पत्रं वाचता. आधी ती वाचते, मग तुम्ही चष्मा पुसून पुन्हा वाचता आणि गादीखाली ठेवता. तेव्हा आज भांडण नको. आज जिक्राबद्दल लिहितो.

ती आता पाच वर्षांची झाली. शाळा इंग्लिश मीडियम. मी मराठीत बोलतो, तिला सगळं समजतं, पण उत्तर इंग्लिशमध्ये. सायरा म्हणते, दादाअब्बांसमोर उभी केली तर यांचं कसं जमायचं. मी म्हटलं, अब्बा तरी कुठे बोलतात.

आमच्या इमारतीला गच्ची आहे. संध्याकाळी सायरा कपडे काढायला वर जाते, आणि मी लवकर आलो असलो तर मीही जातो. तिथून नैऋत्येला नुसतं धुरकट आभाळ दिसतं, आणि कधी कधी त्यात मोठी करडी विमानं. पहिल्यांदा जिक्रा घाबरून सायराच्या ओढणीत शिरली. मला ते आवडलं नाही. एका घरात एक माणूस जिन्याखाली जातं तेवढं पुरे, असं वाटलं. मी तिला कठड्याशी उचलून घेतलं आणि सांगितलं, घाबरायचं नाही, ही विमानं बाबाच्या रस्त्यावरून येतात. त्या बाजूने येतं ते आपलं.

आता तिचा रोजचा खेळ झालाय. शहराच्या विमानतळाची विमानं दुसरीकडून येतात, त्यांना ती भाव देत नाही. पण नैऋत्येकडून आवाज आला की जेवण टाकून गच्चीवर पळते आणि दोन्ही हात हलवते. तिने दोन्ही हात वर केले की हुबेहूब तुमच्यासारखी दिसते. कपाळ तुमचंच आहे.

फोटो पाठवतोय. त्यात विमान आलेलं नाही, फक्त जिक्रा आली आहे.

इरशाद


दोहा
३ नोव्हेंबर २००२

अब्बा,

परवा दुपारी फोन वाजला, आणि पलीकडे तुम्ही. घरचा फोन असताना बाजारातल्या बूथवर चालत गेला होतात, आपाला न सांगता. सलाम नाही, कसा आहेस नाही. तुमचं पहिलंच वाक्य, "इरशाद, पोरीला गच्चीवरनं खाली आण."

लाइन तीनदा तुटली आणि तीनदा तुम्ही परत लावलीत. तुम्ही जे सांगितलंत ते मी इथे लिहून काढतोय. कुठे चुकलो असेन तर सांगा. तुम्ही पुन्हा ते बोलणार नाही, आणि जिक्रा मोठी झाल्यावर मला आठवणीने सांगता आलं पाहिजे.

माझा आजा रंगूनला खडीच्या कामावर मुकादम होता, हे मला माहीत होतं. तो धावपट्ट्या बांधायचा हे माहीत नव्हतं. जपान अजून लढाईत उतरलाही नव्हता. इंग्रजांनी मात्र रंगूनपासून खाली सिंगापूरपर्यंत किनाऱ्याने विमानं उतरायच्या जागा करायला घेतल्या होत्या, म्हणजे विमानं मधे तेल भरत पुढे जातील. त्यातलं तवॉयच्या बाजूचं काम आजाच्या टोळीकडे होतं. मी जिक्राच्या शाळेच्या नकाशात तवॉय शोधलं. रंगूनच्या दक्षिणेला, समुद्राच्या काठाने एक पट्टी खाली उतरते, तिच्यावर आहे.

आजा काम संपवून घरी आला तो छाती फुगवून. बैलगाडीत पाण्याने काठोकाठ भरलेला लोटा ठेवून गाडी त्या टोकापासून या टोकापर्यंत नेली आणि थेंब सांडला नाही, असं तो गल्लीत सगळ्यांना सांगायचा. तुम्ही हे सांगितलंत तेव्हा मी खडूचं काय लिहिलं होतं ते मला आठवलं. तुम्हालाही आठवत असणार.

मग जपान्यांची विमानं आली. पहिल्या वेळी रंगूनचे लोक मजा बघायला रस्त्यावर उभे राहिले आणि उभ्याउभ्या मेले. त्यानंतर भोंगा झाला की सगळे चरात उतरू लागले. आजाने घरात एक नियम घालून दिला. पूर्वेकडून येतं ते त्यांचं, तेव्हा लपायचं. दक्षिणेकडून येतं ते आपलं. तिकडे मी बांधलेली पट्टी आहे. त्या बाजूने येतं ते आपलं.

अब्बा, हे शब्द मला कोणी शिकवले? तुम्ही तर कधी उच्चारले नव्हते.

जानेवारी संपत आला होता. तवॉय पडलं होतं, आणि पट्टी मोडायलाही पळणाऱ्यांना वेळ मिळाला नव्हता. रंगूनच्या गल्लीत मात्र हे कोणाला ठाऊक नव्हतं. आवाज दक्षिणेकडून आला. शेजारपाजारचे चरात गेले. आजीने तुमचा हात धरला आणि तुम्हाला रस्त्यावर घेऊन आली. उन्हासाठी तिने रंगीत बर्मी छत्री धरली होती. वर नीट दिसावं म्हणून तिने ती मिटली. तुम्ही नऊ वर्षांचे होतात, तुम्ही हात हलवलात.

त्यापुढचं तुम्ही सांगितलं नाहीत. आजी तिथेच गेली आणि छत्री तिच्या हातात मिटलेलीच होती, एवढं म्हणालात, आणि लाइन तुटली की तुम्ही फोन ठेवलात, कळलं नाही.

परत लावलात तेव्हा आवाज वेगळा होता. आराकानच्या वाटेने पायी हिंदुस्थानात येताना तवॉयकडून पळालेल्या कोणीतरी आजाला सांगितलं, की पट्टी इतकी चांगली होती की जपान्यांना तिला हातही लावावा लागला नाही. तुम्ही शेजारी उभे होतात. तुम्हाला कळलं. त्या दिवसापासून तुम्ही बापाशी बोलला नाहीत. वाडीत आल्यावर तो परसातला दगडसुद्धा उचलत नसे. एका घरात राहिलात, एका ताटात जेवलात, आणि तो मरेपर्यंत बोलला नाहीत. तो गेला तेव्हा तुम्ही तरीवर होतात.

मी विचारलं, मग माझ्याशीही तेच करणार होतात का. तुम्ही म्हणालात, "तुझ्यावर राग नव्हता रं. रहमान बोलला आणि माझं तोंडच मिटलं. तुझ्या आजाशी बोललो नाय, तर तुझ्याशी कुठल्या तोंडानं बोलू?"

मी पावणेदोन वर्षं स्वतःला अपराधी समजून तुमच्यावर चिडत होतो. यात माझं काय चुकलं आणि आजाचं तरी काय चुकलं, हे मला अजून नीट सांगता येत नाही. पण तुम्ही शेवटी बोललात ते दोन शब्द डोक्यातून जात नाहीत. "लढाई विमान उडतं तवा सुरू होत नाय, इरशाद. जमिनीवर रोलर फिरतो तवा सुरू होते. आणि रनवेला धनी नसतो. जो उतरंल त्याचा."

जिक्राला मी गच्चीवरून खाली आणलं. का, म्हणून विचारते.

तुमचा इरशाद


दोहा
५ मार्च २००३

अब्बा,

आता तुम्ही दर जुम्म्याला फोनवर येता, पण चार शब्दांत आटोपता, म्हणून लिहितो.

इथे लोक पाणी भरून ठेवतायत. खालच्या बकालात, म्हणजे किराणा दुकानात, मेणबत्त्या संपल्या. काही जण खिडक्यांना चिकटपट्ट्या लावतायत, कोणीतरी सांगितलं म्हणून. शाळेने पालकांना कागद पाठवला, काळजीचं कारण नाही असा, आणि त्यानेच सगळ्यांना काळजी लागली. लढाई उत्तरेला होणार, इथे काही होणार नाही, असं ऑफिसात सगळे म्हणतात. रंगूनमध्येही असंच म्हणत असतील.

सायरा आणि जिक्राला मी पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे पाठवतोय. तिकिटं मोठ्या मुश्किलीने मिळाली. सायरा यायला तयार नव्हती. ती म्हणाली, तू इथे आणि आम्ही तिथे, हा काय न्याय. मी तिला तुमची गोष्ट सांगितली. ती बॅग भरायला उठली.

माझं असं आहे. पट्टी बांधून झाली. आता तिची देखभाल करायला माणसं हवी आहेत. रोज सकाळी रांगेने चालत जायचं आणि खडा, खिळा, जे काही पडलं असेल ते उचलायचं. एवढासा खडा इंजिनात गेला तरी विमान जातं. साहेबाने मला बोलावून विचारलं, कायम राहशील का. पगार वाढेल, घर मोठं मिळेल. मी दोन दिवस मागून घेतले.

काल मी त्या रांगेतून चाललो. एक खडा सापडला, हरभऱ्याएवढा. तो हातात घेऊन मी उभा राहिलो. उचलला नसता तर? कोणीतरी आपल्यासारखाच पोटासाठी आलेला, वर बसलेला पोरगा मेला असता. आणि उचलला, तर तो पोरगा पलीकडे जाऊन कोणाच्या गल्लीवर काय टाकणार, ते त्यालाही दिसणार नाही. अब्बा, खडा मी उचलला. खिशात टाकला आणि पुढे चालत राहिलो. जाणूनबुजून खडा सोडायला माझा हात धजला नाही. पण आज सकाळी पुन्हा रांगेत उभं राहायलाही पाय तयार होईनात.

साहेबाला मी नाही म्हणून सांगितलं. तो म्हणाला, कारण? मी म्हटलं, घरगुती. तो हसला, त्याला वाटलं बायकोचं काही असेल. उत्तरेला अल रुवैसला मच्छीमारांचा धक्का दुरुस्त करायचाय, तिथे लेव्हलचं काम मिळतंय. पगार कमी आहे. सायराला अजून सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

जिक्रा तुमच्याकडे येतेय. तिच्याशी बोला. ती इंग्लिशमध्ये उत्तर देईल, पण तुम्ही बोलत राहा.

इरशाद


अल रुवैस
२ मे २००३

अब्बा,

बगदादचं आता संपलं म्हणतात. इथे धक्क्यावर टीव्ही नाही, म्हणून मला सगळं उशिरा कळतं. पहिले काही दिवस रेडिओ लावत होतो. मग बंद केला. कुठल्या दिशेने कोण गेलं हे मी मनात मोजत बसायचो आणि हातातलं काम बिघडायचं.

काल सायराचा फोन आला. एक गोष्ट तिने हसत हसत सांगितली. तुम्ही ती मला कधीच सांगणार नाही, म्हणून मी तुम्हालाच लिहितोय.

ती म्हणाली, मंगळवारी सकाळी तटरक्षक दलाचं लहान विमान खाडीवरून खूप खालून गेलं. तुम्ही ओटीवर होतात. जिक्रा अंगणात होती. गच्चीवर जायचं नाही असं मी तिला बजावलं होतं, पण अंगणाबद्दल काही म्हणालो नव्हतो. तिने दोन्ही हात वर केले आणि हलवायला लागली. सायराला वाटलं, आता अब्बा जिन्याखाली जाणार. आपाही दाराशी येऊन थांबली, तुम्हाला आधार द्यायला.

तुम्ही जिन्याकडे गेला नाहीत. अनवाणी अंगणात उतरलात. तिला ओढून आत आणलं नाहीत, तिचे हात खाली केले नाहीत. फक्त बगलेतली छत्री उघडून तिच्या डोक्यावर धरलीत, आणि आवाज पार खाडीपलीकडे जाईपर्यंत तशीच धरून उभे राहिलात. जिक्रा छत्रीच्या कडेबाहेर हात काढून हलवत होती, आणि तुमच्याकडे बघून म्हणाली, "दादाअब्बा, आता दिसत नाही." मराठीत म्हणाली. सायराला त्याचंच कौतुक.

मग सायराने मला विचारलं, विमानापुढे छत्रीने काय होणार होतं? तिला वाटलं लाइन गेली. ती हॅलो हॅलो करत राहिली आणि मी भर दुपारी धक्क्यावर बसून रडलो. शेजारी जाळं विणत बसलेल्या म्हाताऱ्याने माझ्यापुढे पाण्याची बाटली सरकवली आणि पुन्हा खाली बघून विणू लागला.

आजीने वर बघण्यासाठी छत्री मिटली होती. आता कळलं, अब्बा, तुम्ही आयुष्यभर ती का वागवलीत. आम्ही हसलो, त्याबद्दल आम्हाला माफ करा. आणि जमलं तर आजालाही करा. त्याच्या कबरीवर तुम्ही आजवर गेला नाहीत, असं आपा म्हणते. जिक्राला घेऊन जा. तिला सांगा, याला पातळी फार छान लावता यायची.

धक्क्याचं काम पावसाळ्याआधी संपेल. मग मी येतोय. दुपारच्या तरीने येईन. तुम्ही आणि जिक्रा धक्क्यावर या. मी पलीकडून हात हलवीन.

छत्री आणा. ऊन असेल.

तुमचा
इरशाद